कचरा डेपोच्या नव्या सेलचं डिझाइन आणि अस्तर: एका नगर परिषदेच्या इंजिनिअरचा अनुभव

गुण: पाचपैकी साडेतीन

मी लातूर जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत स्थापत्य अभियंता आहे. आमच्या कचरा डेपोलगतच्या 80 गुंठ्यांत अस्तर घातलेला नवा सेल बांधायचा होता. सेल म्हणजे कचरा टाकायचा मोठा कप्पा, आणि अस्तर म्हणजे कचऱ्याचं पाणी जमिनीत झिरपू नये म्हणून त्याच्या तळाला आणि बाजूंना दाबलेली माती आणि तिच्यावर प्लास्टिकची शीट. त्याचं डिझाइन आणि कामावरची देखरेख बाहेरगावच्या एका सल्लागार कंपनीला दिली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी सरकारी नोकरीत आहे, माझ्या लिहिण्यानं कुणाची जाहिरात किंवा बदनामी व्हायला नको. पण मराठवाड्यात अजून बऱ्याच नगर परिषदा याच कामाच्या उंबरठ्यावर आहेत. अशी सेवा घेताना कुठं बारीक नजर ठेवावी लागते ते त्यांना कळावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

हा विषय मला जवळचा का आहे, तेही सांगते. 2018 साली औरंगाबादचा कचरा जिथं टाकत होते त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा मी औरंगाबादला शिकत होते. पुढं कितीतरी आठवडे शहरभर कचऱ्याचे ढीग होते. विहिरी नासल्या, माशांनी जीव नकोसा केला, असं तिथले लोक वर्षानुवर्षं सांगत होते. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, 2016 च्या उन्हाळ्यात, आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. घागरभर पाण्यासाठी रात्र जागलेल्या माणसाला कचऱ्याच्या काळ्या पाण्यानं एक विहीर जरी नासली तरी ते सहन होत नाही.

कंपनीची माणसं पहिल्यांदा आली 2023 च्या मे महिन्यात. तीन बोअर घेतले, दहा मीटरपर्यंत. वर मीटरभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला काळा पाषाण. पाणी कुठंच लागलं नाही. त्यावरून चार मीटर खोल खोदून सेल करायचा नकाशा आला. कागदावर तो सुंदर होता. खोल खड्डा म्हणजे जास्त कचरा मावणार, बांधाचा खर्च कमी. मुख्याधिकारी साहेबांना लगेच पटला.

मला पटला नाही. मे महिन्यात आमच्याकडं पाणी असतंच कुठं? त्या वेळी लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांत स्पष्ट होतं की मातीच्या अस्तराचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपासून किमान 2 मीटर उंच हवा. ही पातळी उन्हाळ्यात मोजून चालत नाही. मी लेखी आक्षेप घेतला आणि पावसाळ्यानंतर पुन्हा या म्हणून कळवलं. इथं मी कंपनीला मनापासून पूर्ण गुण देते. त्यांचे मोठे इंजिनिअर ऑक्टोबरमध्ये स्वतः आले, जादा फी मागितली नाही.

पण 2023 चा पावसाळाही कोरडाच गेला होता. ऑगस्ट तर पार रिकामा. तेव्हा ऑक्टोबरातली पातळीही खरी वरची नव्हती. शेजारच्या मळ्यातले मामा बांधावर बसून आमचं मोजमाप बघत होते. ते म्हणाले, "औंदा काय बघायलाव साहेब? एकवीस साली आमची हीर कुठवर भरली हुती ते बघा की." आणि त्यांनी आम्हाला विहिरीवर नेलं. दगडी बांधकामावर पांढुरकी रेघ होती, पाणी बरेच दिवस थांबलं की उमटते तशी. 2021 च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे दरवाजे उघडले होते, त्या वेळची. कंपनीचे इंजिनिअर साहेब पायऱ्या उतरून त्या रेघेपर्यंत गेले, तिथं टेप लावला, मग लेव्हल मशीननं विहिरीचा काठ आणि आमची जागा जोडून घेतली. आमच्या जागेच्या हिशेबानं पाणी जमिनीखाली 3.4 मीटरपर्यंत वर आलं होतं. म्हणजे चार मीटर खोदलेला सेल चांगल्या पावसाच्या वर्षी चक्क पाण्यात बसला असता. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं अस्तर खालून उचललं गेलं असतं, आणि फाटलं असतं तर कचऱ्याचं पाणी थेट मामांच्या विहिरीच्या झऱ्यांत. आमच्या काळ्या पाषाणातलं, म्हणजे बेसाल्टमधलं पाणी सांध्या-भेगांतून चालतं, ते मातीसारखं गाळून येत नाही.

खोदाई चार मीटरवरून एक मीटरवर आली. उरलेली उंची मुरमाच्या बांधांनी काढायची ठरली. खर्च वाढला, रॉयल्टी भरून खाणीतून मुरूम आणावा लागला, आणि मला सभागृहात उभं राहून उत्तरं द्यावी लागली. तरीही या एका बदलासाठी मी ही सेवा पुन्हा घेईन. मात्र हे पाणी शोधायला शेजारचे मामा लागले, कंपनीच्या पहिल्या अहवालात एकाही विहिरीची नोंद नव्हती, हेही खरं. तुम्ही काम देत असाल तर आसपासच्या निदान पाच-सहा विहिरींची पावसाळ्यानंतरची पातळी करारातच लिहून घ्या.

दुसरा मोठा मुद्दा जुन्या ढिगाचा होता. पहिल्या नकाशात नव्या सेलचं अस्तर पश्चिमेकडच्या जुन्या ढिगाच्या उतारावर चढवलं होतं. जागा वाचते म्हणून बऱ्याच ठिकाणी असं करतात. पण जुना कचरा कुजत राहतो, खचत राहतो, आणि सगळीकडं सारखा खचत नाही. त्यावरची शीट ताणली जाते, आणि त्या ढिगाखाली तर अस्तरच नाही. शिवाय तो ढीग बायोमायनिंग करून, म्हणजे उकरून, चाळून, वेगवेगळा करून उचलायचा आहेच. आधार काढायचा आणि अस्तर वर लोंबकळत ठेवायचं, असं कसं चालेल? चर्चेनंतर दोन्हींच्या मध्ये स्वतंत्र बांध घेतला. हे त्यांनी पटकन मान्य केलं.

उताराचं मात्र त्यांनीच मला शिकवलं. मी एस्टिमेट कमी करायला बांधाचा आतला उतार एकास दोन आणि गुळगुळीत शीट असं सुचवलं होतं. साहेबांनी वहीच्या पानावर आकृती काढून दाखवली. गुळगुळीत शीट आणि तिच्यावरचं कापड यांच्यातलं घर्षण दहा अंशांच्या आसपासच असतं, आणि एकास दोन म्हणजे 26 अंशांहून जास्त उतार. वरची खडी (काळं पाणी निथळून जावं म्हणून शीटवर टाकतात ती) आणि कचरा त्यावरून घसरणार. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स इथं 19 मार्च 1988 रोजी अस्तर घातलेल्या सेलमधला कचऱ्याचा डोंगर असाच अस्तराच्या थरांवरून दहा मीटरच्या वर सरकला होता, आणि तोही सेल भरत असतानाच. ते ऐकून मी माझी सूचना मागं घेतली. उतार एकास तीन झाला, बाजूंना दोन्ही अंगांनी खरखरीत शीट आली, आणि तळालाच तेवढी गुळगुळीत ठेवली.

आता मातीचं सांगते, कारण आमच्या भागात खरी कसोटी तिथंच आहे. त्याच 2016 च्या नियमांत होतं की 1.5 मिमीच्या एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) शीटखाली 90 सेंटिमीटर दाबलेली माती हवी, आणि तिची पाझरण्याची गती सेकंदाला एक सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त नको. ऐकायला अवघड वाटतं. सोपं करून सांगायचं तर, वर पाण्याचा जास्त दाब नसेल तर अशा मातीतून वर्षभरात साधारण तीन सेंटिमीटर पाणी खाली जाईल. आपली काळी माती ओली असताना हे सहज करते. पण एप्रिलात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. भेगाळलेली माती म्हणजे चाळण.

खोदाईत निघालेलीच काळी माती वापरायचं ठरलं, आणि ती जवळजवळ पुरली. काम हिवाळ्यातच करायचं ही कंपनीची अट होती आणि ती योग्य होती. मधल्या काळात दोन निवडणुकांच्या आचारसंहिता गेल्या, म्हणून प्रत्यक्ष काम डिसेंबर 2024 ला सुरू झालं. ढेकळं फोडायला ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर लावला, टँकरनं पाणी मारलं, पंधरा सेंटिमीटरचा एकेक थर पायांच्या रोलरनं दाबला. पायांचा रोलर म्हणजे ज्याच्या ड्रमवर मेंढीच्या खुरांसारखे ठोकळे असतात तो. तो थरावर थर मळून एकजीव करतो. गुळगुळीत रोलर फक्त वरून चापतो आणि दोन थरांत फट राहते. ओलही नेहमीच्या रस्त्याच्या कामापेक्षा थोडी जास्त ठेवायची, हे आमच्या ठेकेदाराला पटायला आठवडा गेला. रस्त्याचं काम केलेल्या माणसाला चिखल दिसला की तो हात आखडतो.

संक्रांतीच्या सुट्टीत एक चूक झाली. तळाचा ईशान्य कोपरा चार दिवस उघडा राहिला. कंपनीचा साईट इंजिनिअर गावी गेला होता, बदली कुणी पाठवलं नव्हतं. परत येऊन बघते तर बोट जाईल अशा भेगा. तो वरचा थर खरडून, पुन्हा भिजवून, पुन्हा दाबावा लागला. कंपनीचे गुण मी मुख्यतः इथं कापले. देखरेखीचे पैसे महिन्याच्या हिशेबानं घ्यायचे आणि अवघड चार दिवसांत माणूस नाही, हे बरोबर नाही. दीड वर्षात साईट इंजिनिअर तीनदा बदलला. दर वेळी नव्या मुलाला मीच जागा समजावून सांगितली.

शीट टाकणारी टोळी वेगळी होती, गुजरातेतून आलेली. त्यांच्या कामाला पूर्ण गुण. पोरं पंचविशीतली, पण हात एकदम तयार. रोज सकाळी यंत्र तापलं की आधी दोन तुकडे जोडायचे, त्यातून इंचभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि खेचून बघायच्या. जोड सुटता कामा नये, शेजारची शीट फाटली पाहिजे. तसं झालं तरच खरं काम सुरू. दुपारी जेवणानंतर ऊन बदलतं म्हणून पुन्हा तीच परीक्षा. प्रत्येक जोडाला दोन समांतर रेघा असतात आणि मध्ये पोकळ नळी राहते. तिची दोन्ही टोकं बंद करून हवा भरतात, दोन बारच्या आसपास, आणि पाच मिनिटं काटा बघतात. मला आवडलं ते पुढचं. काटा स्थिर राहिला तरी त्यांचा मुकादम दुसऱ्या टोकाला जाऊन नळीला भोक पाडायचा आणि हवा फुस्स करून निघाली का ते ऐकायचा. मध्ये कुठं नळी चिकटून बंद झाली असेल तर काटा स्थिरच दिसतो, पण पुढचा भाग तपासलाच जात नाही. मी त्याला म्हटलं, हे मला नकाशात कुणी सांगितलं नव्हतं. ठिगळांच्या जागी हवेची परीक्षा चालत नाही, तिथं साबणाचं पाणी लावून वर काचेची पेटी ठेवून हवा ओढतात. बुडबुडा आला की तिथं गळती.

फेब्रुवारीतल्या उन्हातही काळी शीट हाताला चटका देते. पन्नास मीटर लांबीची शीट पहाटेपेक्षा तीस अंश जास्त तापली तर वीसेक सेंटिमीटर वाढते, आणि ती वाढ सुरकुत्या होऊन उभी राहते. दुपारी तळावर घोट्याएवढ्या लाटा दिसायच्या. त्या लाटांवर खडी टाकली तर घडी तशीच दाबली जाते, आणि तिच्याखाली पोकळी राहिल्यामुळं एखादं बारीक भोकही लांबवर पाणी पसरवतं. म्हणून कापड आणि खडीचं काम पहाटे पाच ते नऊ. आमचे टिपरवाले याला तयार नव्हते. मी स्वतः पाचला जाऊन उभी राहायला लागले, मग यायला लागले.

खडीवरून आमचा कंपनीशी सगळ्यात मोठा वाद झाला. नकाशात शीटच्या रक्षणासाठी 300 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचं कापड होतं. नदीचे गोल गोटे असतील तिथं ते कदाचित चाललं असतं. आमच्याकडं मिळते ती क्रशरची काळी खडी, कडा सुरीसारख्या. मी म्हटलं, आधी करून बघू. शीटचा तुकडा मातीवर अंथरला, वर कापड, वर खडी, आणि रोलर फिरवला. काढून उन्हाकडं धरलं तर शीटवर खोल खळगे, एका ठिकाणी तर उजेड दिसला. 600 जीएसएम वापरून पुन्हा केलं, तेव्हा किरकोळ ठसे. कंपनीनं बदल मान्य केला, पण दोन आठवडे ईमेल लिहावे लागले. दुसऱ्या राज्यातलं ड्रॉइंग थोडं बदलून दिलं जातं तेव्हा असंच होतं. काळ्या खडीचा एक फायदा मात्र आहे. ती चुनखडीसारखी कचऱ्याच्या काळ्या पाण्यात, म्हणजे लिचेटमध्ये विरघळत नाही.

आणि एवढं करूनही एके रात्री ठेकेदाराच्या माणसानं भरलेला टिपर पातळ थरावर मागं घेतला. टिपर चालवायला खाली निदान पाऊण मीटर खडीचा रस्ता हवा होता. सकाळी चाकांचे ठसे दिसले. बरं झालं, करारात विजेनं गळती शोधायची तपासणी मी आग्रहानं घालून घेतली होती. खडीखालची शीट वीज वाहू देत नाही, पण भोक असेल तिथून प्रवाह खाली जमिनीत उतरतो आणि यंत्रावर आकडा उडतो. तीन भोकं सापडली. दोन त्या ठशांखालीच होती. खडी हातानं बाजूला करून ठिगळं लावली. ही तपासणी कंपनीच्या मूळ प्रस्तावात ‘ऐच्छिक’ म्हणून शेवटच्या पानावर होती. माझं कळकळीचं सांगणं आहे, ती ऐच्छिक ठेवू नका. शीटला बहुतेक भोकं ती टाकताना पडत नाहीत, वर खडी टाकताना पडतात. आणि खडी पडल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही.

काळं पाणी बाहेर काढायची रचना उत्तम आहे. तळाला दोन टक्के उतार, भोकांचे पाइप, कोपऱ्यात खोलगट हौद, आणि पंप उतारावरच्या तिरक्या पाइपातून आत सोडायचा. शीटला कुठंही छेद नाही. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून जनरेटर लागतो. तो एस्टिमेटमध्ये नव्हता, आम्ही नंतर घेतला.

पंपानं काढलेलं पाणी साठवायच्या बाहेरच्या तळ्याचा आकार त्यांनी महिन्याच्या सरासरी पावसावर काढला होता. आपल्याकडं पाऊस सरासरीनं पडतो का? पंचनाम्यात अतिवृष्टी धरतात ती दिवसाला 65 मिमी. आमच्या आठ हजार चौरस मीटरवर तेवढा पाऊस म्हणजे सव्वापाच लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे बावन्न टँकर, एका दिवसात. मी हा हिशेब पाठवल्यावर त्यांनी तळं मोठं केलं आणि सेलच्या मधोमध एक आडवा बांध सुचवला, म्हणजे कचरा नसलेल्या अर्ध्या भागातलं पाणी स्वच्छच राहील आणि ते नाल्यात सोडता येईल. त्या बांधाची कल्पना पूर्णपणे त्यांची, आणि 2025 च्या सप्टेंबरात तिनंच आम्हाला वाचवलं. धाराशिव, बीड, लातूर सगळीकडं रानं वाहून जात होती तेव्हा मी दोन रात्री डेपोवर होते. तळं काठापासून हातभर खाली थांबलं.

कागदपत्रांत कंपनी कमी पडली. प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे पाच महिने उशिरा आले. सेल कसा चालवायचा याची पुस्तिका फक्त इंग्रजीत दिली. रोज कचऱ्यावर दहा सेंटिमीटर माती टाकणारे, पंपाची पातळी बघणारे आमचे कामगार ती कशी वाचणार? शेवटी मीच दोन रविवार बसून मराठीत लिहिली आणि मोठ्या अक्षरांत पंपघराच्या भिंतीवर रंगवून घेतली. पहिलीच ओळ आहे: खडीच्या थरावर कचऱ्याचा पहिला दीड मीटर येईपर्यंत त्यात लोखंड, बांबू, सळई टाकायची नाही.

सेलच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला दोन निरीक्षण विहिरी आहेत. त्यांच्याबरोबर मामांच्या विहिरीचंही पाणी मी यादीत घातलं आहे. काम सुरू व्हायच्या आधीचे नमुने ठेवले होते, म्हणून तुलना करता येते. कचऱ्याचं पाणी झिरपलं तर क्लोराइड सगळ्यात आधी वाढतं. दिवाळीनंतरच्या नमुन्यात ते मूळ आकड्याइतकंच आलं. तो कागद घेऊन मी मामांकडं गेले. त्यांनी आकडा नातवाकडून दोनदा वाचून घेतला, मग म्हणाले, "उन्हाळ्यातबी ये गं बाई, पाणी कमी झाल्यावर काय निघतंय ते बघू." मे महिन्याची तारीख मी त्यांच्या कॅलेंडरवर लिहून आले आहे.